जाकड आणलेला हस्की

बाळांनो, मालाची खोट स्वतःच सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवाल, की न बोलावता रोज सल्ला द्यायला येणाऱ्यावर? उत्तराची घाई नको, आधी ऐका. डोंगराच्या पायथ्याच्या एका गार जंगलात एक शेळी आपल्या दोन करडांसह राहायची. चरायला गेली की तिचा जीव करडांपाशी अडकलेला. घराला राखण हवी म्हणून ती अस्वलाच्या निवाऱ्यात गेली. टाकून दिलेल्या जनावरांना ते अस्वल सांभाळायचं. पिल्लं सगळी कोणी ना कोणी आधीच घरी नेलेली. उरला होता एक सहा वर्षांचा कुत्रा, अर्धा हस्की, अर्धा गावठी. एक डोळा निळा, एक तपकिरी.

"शेळीताई, लपवत नाही," अस्वल म्हणालं. "खड्डे खणतो, सुटला की धावत सुटतो. तीन घरांतून परत आलाय. आठ दिवस जाकड न्या." आता जाकड म्हणजे काय, ते माझ्यासारख्या कापडवाल्याला विचारा. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत आणा, अशा बोलीवर दिलेला माल. अशी नेलेली साडी घरात असते खरी, पण तिची घडी कोणी मोडत नाही. अस्वलाने कुत्र्याच्या गळ्यात लाल दोरा बांधला. "परत आणाल तर हा दोरा शाबूत हवा. दोरा नाही, तर परती नाही."

कुत्रा आला आणि उंबऱ्याबाहेर बसला. आत ये म्हटलं तरी येईना. करडं त्याच्या पाठीवर चढली, तर अंग चोरून उभा राहिला. आणि तोंडातून आवाज म्हणून नाही! शेजारचा कोल्हा रोज कुंपणावरून उडी मारून यायचा आणि शेळीने दिलेल्या पाटावर ऐसपैस बसायचा. "ताई, हे ध्यान मुकं आहे हो. मी रोज येतो, एकदा तरी गुरगुरला? नवव्या दिवशी कायमचा गळ्यात पडेल. तुमच्या भल्याचं सांगतो, परत करा." बोलताना त्याची नजर मात्र करडांवर असायची.

सातव्या दिवशी शेळीने कुत्र्यालाच विचारलं, "का रे, कोल्हा कुंपण ओलांडून येतो, तू गप्प का?"

"बाई, पहिल्या घरी ओरडलो म्हणून परत गेलो. दुसऱ्या घरी गप्प राहिलो म्हणून. तिसऱ्या घरी काय चुकलं, ते अजून कळलेलं नाही. उद्या इथूनही जायचंच, मग जाता जाता तुमचा पाहुणा कशाला दुखवू?"

"पाहुणा? त्या मेल्याला बोलावलं कोणी?"

"तुम्ही पाट देता ना रोज."

शेळी वरमली. मग पुढे झाली, तो लाल दोरा दातांनी तोडला आणि चावून चावून चक्क गिळून टाकला. "घे! आता तुला परत न्यायचं म्हटलं तरी न्यायची कशी? दोरा माझ्या पोटात! चल, आत ये." कुत्र्याने मोकळी झालेली मान एकदा झटकली. मग त्याने उंबरा ओलांडला आणि करडांच्या मधोमध अंग सैल सोडून असा पसरला, की त्यांना हलायला जागा उरली नाही.

आठव्या दिवशी सकाळी शेळी पाल्याला बाहेर पडली. कोल्ह्याने लांबूनच पाहिलं. अंगणात कुत्रा नाही, म्हणजे गेली त्याला परत करायला! तो आज पाटावर बसला नाही, थेट आत घुसला. आणि करडांच्या मागून एक निळा आणि एक तपकिरी डोळा उघडला. कुत्र्याने मान वर करून असा लांबलचक हेल काढला, की सात दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"अरे, ओळखलं नाहीस? मी पाहुणा या घरचा!" कोल्हा चाचरला.

"पाहुण्यांचं मला कळत नाही," कुत्रा म्हणाला. "मी घरचा आहे."

हेल ऐकून शेळी धापा टाकत परतली, तेव्हा करडं कुत्र्याच्या शेपटीशी खेळत होती आणि कुंपणावर कोल्ह्याच्या केसांचा झुबका लोंबत होता.

गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य : परत पाठवायची सोय राखून ज्याला घरात घेतलं, त्याच्याकडून घरच्यासारखी राखण मागू नये. आणि बाळांनो, कोणाच्या खोडी मांडायला बसाल, तेव्हा आपण त्याला किती दिवस परका ठेवला, तेही त्याच पानावर प्रामाणिकपणे लिहा.