घोडीवरचे साहेब

वायरिंगवाल्या शकूताई ढवळेंची लोखंडी घोडी मोठी गुणाची. उचलून कुठंही न्यावी, दांड्यात रिळं अडकवली की वायर सरसर सुटायची. रिळं काढून फळी टाकली की तिचंच बाकडं व्हायचं.

बिल्डर रणधीरराव खानविलकर साइटवर आले, रिळं उतरवायला लावून बाकड्यावर ठाण मांडून बसले. सकाळभर तिथूनच हुकूम सोडून झाल्यावर कडाडले, "सकाळपासून काय दिवे लावलेत तुम्ही? उद्यापासून दुसरा माणूस बघतो!"

शकूताईंनी हात जोडले. "साहेब, मांडव सजलाय, वऱ्हाड खोळंबलंय. पण नवरदेव घोडीवरून उतरल्याशिवाय लग्न कसं लागायचं?"

साहेब गुमान उतरले. संध्याकाळी दिवे लागले.

तेव्हापासून साहेब साइटवर येतात ते स्वतःची खुर्ची घेऊन.