शेलवनच्या शिळेवरची मोकळी जागा

चैत्र वद्य तृतीयेला, सूर्य उगवून एक घटका झाली असताना, शेलवन नगराच्या पूर्व वेशीबाहेर उभ्या असलेल्या काळ्या शिळेवरची पाचवी ओळ पुसलेली आढळली. सलग तिसऱ्या दिवशी.

त्या काळी अरिंजय राजा सतरा राज्ये जिंकून म्हातारा झाला होता, आणि बोधिसत्त्व त्याच शेलवनात पाथरवटाच्या कुळात जन्म घेऊन खेमक या नावाने राहत होता. राजाचे पाय सुजले होते. आपण फार दिवसांचे सोबती नाही हे ओळखून त्याने आपली कीर्ती दगडावर कोरण्याची आज्ञा दिली. मजकूर राजकवी चंद्रघोषाने रचला. चंद्रघोष घडले ते लिहीत नसे, राजाला घडायला हवे होते ते लिहीत असे. त्याच्या पोटापाण्याची रीत तीच.

पाथरवटांची रीत निराळी होती. मजकूर आधी शिळेवर गेरूने लिहायचा आणि तीन दिवस वेशीत मोठ्याने वाचायचा. त्यातले काही खोटे आहे असे ज्याला ठाऊक असेल, त्याने हात ओला करून तेवढे पुसावे. पुसलेला मजकूर कोरायचा नाही. चंद्रघोषाला ही रीत ठाऊक नव्हती. ओळ पुसली गेली की तो ती पुन्हा लिहवून घेई. ओळ अशी होती : ‘शेलवनाने फुले उधळून वेस उघडली, रक्ताचा थेंब सांडला नाही.’

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः पालखीतून आला.

“बकऱ्या, महाराज,” चंद्रघोष म्हणाला. “इथल्या बकऱ्यांना गेरू चाटायची खोड आहे.”

“मग मोठ्या विद्वान बकऱ्या म्हणायच्या, कविराज,” खेमक म्हणाला. “तीन दिवस नेमकी एकच ओळ चाटतात. शेजारच्या काना-मात्रेला जीभ लागत नाही.”

पालखीचे भोई हसले. राजा हसला नाही. “कोणी पुसली?”

खेमकाला ठाऊक होते. उत्पला कुंभारीण रोज वाचन संपले की त्याच्याजवळ यायची. तिला अक्षर येत नव्हते. “ती ओळ कुठली रे, बाबा?” असे ती विचारायची, आणि तो बोटाने दाखवायचा. तिचे नाव आपल्या तोंडून जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला. तेवढ्यात म्हातारीच पुढे आली.

“त्याला काय विचारतोस, राजा? हात माझा लाल आहे.”

“का पुसलीस?”

“तू अभय दिलंस म्हणून आम्ही वेस उघडली. फुलं कुठली? उन्हाळा होता. माझ्या दोघी लेकी, नंदी आणि सुमुखी, इथे घागरी घेऊन उभ्या होत्या, तुझ्या तहानलेल्या माणसांना पाणी द्यायला. निम्म्यांचं पाणी पिऊन झालं होतं. मग आत शिरून मारायचा शंख वाजला.”

“मग?”

“मग काय? खापरं मी वेचली. माझ्याच चाकावरची होती. ओळखू आली.”

वेस उघडली त्या दिवशी राजा नदीपलीकडच्या छावणीत होता. शेलवन रक्तावाचून पडले असे त्याला सांगण्यात आले होते, आणि गेली तीस वर्षे जीव घाबरा झाला की तो याच एका नगराची आठवण काढत असे.

“पाथरवटा,” तो म्हणाला, “बाकीचे सोळा विजय नाही कोरलेस तरी चालेल. ही ओळ कोर. नाहीतर तुझे हात तोडीन.”

खेमकाने छिन्नी-हातोडा पालखीपाशी ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. राजाच्या चेहऱ्यावर त्याला राग दिसला नाही. थंडीत अंगावरचे एकुलते पांघरूण कोणी ओढून नेत असावे, तसे ते डोळे होते. खेमकाला त्याची फार दया आली.

“हात घ्या, महाराज. पण तुम्ही अभय दिलंत हे खरं आहे, ते मी कोरीन. ते मोडलं, तेही कोरीन. सतरा राज्यं जिंकणारे पुष्कळ होतील. आपल्याच शिळेवरचं खोटं पुसणारा राजा मी अजून ऐकला नाही.”

मग राजाने पाणी मागितले. पिण्यासाठी असेल असे सर्वांना वाटले. त्याने त्यात पंजा बुडवला, भोयांच्या खांद्यांवर भार देत शिळेपर्यंत गेला आणि स्वतःच्या नावाआधीचा ‘त्रैलोक्यविजयी’ हा शब्द पुसला.

“इथे त्या पोरींची नावं घाल,” तो म्हणाला. मग उत्पलेकडे वळून त्याने हळूच विचारले, “बाई, ती खापरं ठेवलीस का गं?”

“ठेवलीत. चुलीच्या मागे.” तिने आपली घागर उचलली. “इकडे कर तो हात. गेरू वाळला की निघत नाही.” आणि तिने त्याच्या हातावर पाणी ओतले.

शंख कोणाच्या आज्ञेने वाजला, याची राजाने त्याच दिवसापासून चौकशी मांडली. चार शंखवाल्यांपैकी प्रत्येक जण म्हणाला, दुसऱ्याचा ऐकला म्हणून मी फुंकला. म्हातारा सेनापती म्हणाला, छावणीतून निरोप आला होता. छावणीतले म्हणाले, निरोप निघालाच नव्हता. आषाढ लागण्यापूर्वी राजा वारला. खेमकाने शेवटची ओळ कोरली : ‘यांच्या आज्ञेने शंख वाजला.’ तिच्याआधी त्याने वीतभर दगड कोरा सोडला.

ही कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, तो अरिंजय म्हणजे आजाऱ्यांना पाणी पाजणारा हा गिरिदत्त. चंद्रघोष म्हणजे हा वाचाळ सुभूषण. खोड अजून गेलेली नाही. उत्पला म्हणजे वाटेवर पाणपोई चालवणारी उपासिका सोमा. तो पाथरवट मीच होतो.” ज्याला सत्य ऐकवायचे त्याच्यावरची माया न सोडता, बोधिसत्त्वाने त्या जन्मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, जपली ती अशी.

गिरिदत्ताने हात जोडून विचारले, “भन्ते, आणि शंखाची आज्ञा देणारा?”

शास्त्यांनी सगळ्या सभेवरून एकवार नजर फिरवली.

“‘आज्ञा माझी होती’ असे म्हणत तो अजून कोणत्याही जन्मात उठून उभा राहिलेला नाही.”