भाऊबीजेला मागितलेले पुस्तक

एकदा दिवाळीच्या तोंडावर एका वृद्ध आचार्यांचा शिष्य अगदी मेटाकुटीला आला होता. आचार्यांचा ग्रंथसंग्रह मोठा आणि शिष्याचे वाचन दांडगे. त्यामुळे पंचक्रोशीत ज्या कुणाला एखाद्या वाचनवेड्याला दिवाळीची भेट द्यायची असे, तो पुस्तक निवडून घ्यायला त्याच्याकडे येई. सासऱ्यांना काय देऊ, जुन्या मास्तरांना काय देऊ, जावईबापूंना कादंबरी चालेल का? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः पंचांगापलीकडे काही वाचलेले नसे. शिष्य घसा कोरडा करून पुस्तके सुचवी आणि पाडवा उलटला की ‘ते आहे त्यांच्याकडे’ असे निरोप ऐकून घेई. त्याला या कामाचा शीण आला होता, आणि तो झोपेने जाणारा नव्हता.

अशात एक कापडाचे व्यापारी आले. मोठे दुकान, पण चेहरा उतरलेला.

“दरसाल भाऊबीजेला मी अक्काच्या ताटात पुस्तकंच घालतो,” ते शिष्याला म्हणाले. “मेहुणे गेल्यापासून एकटीच असते, पुस्तकांत बुडालेली. तुम्हीच निवडून देता. गेल्या खेपेला तिनं ती उघडलीसुद्धा नाहीत. वर म्हणाली, ‘पुढच्या वर्षी पुस्तकं पोचवायला येणार असशील तर येऊच नकोस.’ आईबापांच्या मागं मला तेवढं एकच दार उरलंय, महाराज. यंदा चुकलो तर तेही गेलं.”

शिष्याच्या हे फार जिव्हारी लागले, कारण ती निवड त्याची होती. सारी दुपार त्याने फडताळापुढे घालवली. एक काढले, दुसरे ठेवले, पुन्हा पहिले काढले. अखेर एक देखणा ग्रंथ कापडी पिशवीत घालून त्याने व्यापाऱ्यांच्या हाती दिला. तोवर गप्प बसलेले आचार्य उठले. त्यांनी पिशवीतून ग्रंथ काढला, परत फडताळात ठेवला आणि रिकामी पिशवी व्यापाऱ्यांच्या खांद्याला अडकवली.

“ताटात सुपारी घाला,” ते म्हणाले, “आणि अक्कांकडे त्यांचं एक पुस्तक वाचायला मागा.”

“भाऊबीजेला भावानं मागायचं?” व्यापारी चपापले. “लोक शेण घालतील माझ्या तोंडात. आणि मी कधी वाचलंय?”

“म्हणूनच मागा. हा येईल तुमच्या सोबतीला.”

शिष्य निमूटपणे निघाला खरा, पण मनातून तो वैतागला होता. गुरुजींचे वय झाले, असा अपवित्र विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

भाऊबीजेला अक्कांनी पाट मांडला, भावाला ओवाळले. ताटात सुपारी पडताच त्यांनी मान वर केली. व्यापाऱ्यांचे कान लाल झाले होते.

“अक्का, तुझ्याकडचं एखादं पुस्तक दे. वाचीन म्हणतो.”

“तू?”

“कळलं नाही तर विचारायला येईन.”

निरांजन खाली ठेवून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शिष्याला उघड्या दारातून त्या दिसत होत्या. एक पुस्तक काढीत, चाळीत, मान हलवून परत ठेवीत. अगदी तेच काम, ज्याने तो स्वतः थकून गेला होता. अक्कांच्या हालचालींत मात्र थकवा कुठे नव्हता. भावासाठी वाढलेली बासुंदी निवून गेली तरी त्यांना भान नव्हते.

अखेर जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातलेले एक पुस्तक घेऊन त्या आल्या.

“सुरुवात रटाळ आहे, सोडून देऊ नकोस. पानं दुमडायची नाहीत. यातल्या थोरल्या सुनेवरून माझं आणि ह्यांचं कायम भांडण व्हायचं. ते म्हणायचे, तिचंच चुकलं.” अक्कांनी कव्हरवरून हात फिरवला. “हे गेल्यापासून या घरात पुस्तकं नुसती येताहेत रे. भांडायला कुणी येत नाही. वाचून झालं की ये. नाही झालं तरी ये.”

व्यापाऱ्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतले आणि मोठ्या माणसाला शोभणार नाही असे डोळे पुसले.

परत आल्यावर शिष्याने सारे सांगितले आणि तो थकून भिंतीला टेकला. “माझी निवड कुठं चुकली, आचार्य?”

“निवड उत्तमच होती,” आचार्य म्हणाले. “पण ज्याचं घर ग्रंथांनी भरलेलं आहे, त्याच्याकडे ग्रंथांची वाण नसते. वाचलेलं मनात साचत जातं आणि ते ओतायला जागा मिळत नाही. आपण त्याच्या दारी आणखी एक ओझं ठेवतो, ‘तुम्हाला वाचनाची आवड ना’ म्हणतो आणि पायरी उतरतो. वाचणारा माणूस एकटा पडतो तो असा. त्याला एक पुस्तक देणं सोपं आहे रे. त्याचं एक पुस्तक मागून नेणं म्हणजे परत येण्याचं वचन देणं. तेवढी सवड फारशी कुणाला नसते.”

एवढे बोलूनही आचार्यांना धाप लागली. शिष्याने त्यांच्याकडे पाहिले. पाडव्याला लोकांनी आणून दिलेल्या ग्रंथांची चळत त्यांच्या उशाशी होती, आणि नमस्कार करून सगळे केव्हाच आपापल्या घरी गेले होते. इतकी वर्षे या माणसाच्या छायेत काढली. यांना आवडणारे ग्रंथ आपल्याला तोंडपाठ आहेत, पण त्यांत यांना काय आवडते ते आपण कधी विचारलेच नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“आचार्य,” तो हळूच म्हणाला, “सध्या तुम्ही काय वाचता आहात?”

वृद्ध आचार्यांनी सतरंजीवर थोडे सरकून शेजारी जागा केली.