राळेच्या काचेवरचे ओरखडे

एका राज्यात, जेथे पक्षी सल्ला देत आणि राजे तो ऐकत, वीरकेतू नावाचा राजा होता. त्याच्या सिंहासनापुढे एक घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर राळेची काच होती, पारदर्शक आणि मऊ. साक्ष देणारा आपला उजवा हात अंगठ्यांसकट त्या काचेवर ठेवी. खोटे बोलणाऱ्याच्या अंगठीने काचेवर ओरखडा उठे. पण वाकून पाहणे दरबारी रीतीत बसत नसे.

अशाच खोट्या साक्षीवरून दरबारचा मांत्रिक भद्रमुख हद्दपार झाला. जाताना तो म्हणाला, "या काचेतून काटा जसजसा दिसेनासा होईल, तसतसा राजा दगडाचा होईल."

वर्षे गेली. राजा कमरेपर्यंत दगडाचा झाला. राणी चंपावतीने कारागीर बोलावले. त्यांनी तलवारी उजळण्याच्या वाळूने काच घासली. ती दुधासारखी पांढरी झाली आणि दगड छातीपर्यंत चढला.

तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, काच म्हणजे तलवार नव्हे. हे काम घरच्या माणसाचे. स्वतः पेटवलेल्या चुलीची राख, तीनदा वस्त्रगाळ केलेली. स्वतः कांडलेल्या तिळांचे थेंबभर तेल. आणि वापरून विरलेले कापड."

"राजवाड्यात विरलेले कापड कोठून येणार?"

"मग राजवाड्याबाहेर जा."

राणीची चूल तीनदा विझली, चौथ्यांदा पेटली. तीळ कांडताना तिचे तळहात सोलले. कापड धोबीण गिरजेने दिले. राणीने बदल्यात शालू पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "नको बाईसाहेब. हा नेसून घाटावर गेले तर बायका मला राणी म्हणून चिडवतील."

राजाजवळ बसून राणीने घड्याळ मांडीवर घेतले.

"जोर नको," साळुंकी म्हणाली. "गोल गोल फिरवा. ओरखडा भरून येत नाही. भोवतीची काच त्याच्याइतकी खाली उतरवावी लागते."

पुसला जाणारा प्रत्येक ओरखडा आपली साक्ष बोलून दाखवी. "मी त्या दिवशी पहाऱ्यावरच होतो," एक म्हणाला. "तो वाघ मीच मारला," दुसरा म्हणाला. दगड गुडघ्यापर्यंत उतरला. मधोमध एकच खोल ओरखडा उरला. तो पाहून राणीचा हात थांबला, तशी काच पुन्हा धूसर होऊ लागली आणि दगड चढू लागला.

"थांबलात का?" राजाने विचारले.

"हा माझ्या अंगठीचा आहे, महाराज."

"तो काय बोलेल?"

दगड गळ्याशी आला. तिने कापड पुन्हा राखेत टेकवले आणि हात फिरवू लागली. काचेतून तिचाच तरुण आवाज आला, "भद्रमुखाने महाराजांच्या पेल्यात विष कालवताना मी पाहिले."

काटा स्वच्छ दिसला. राजाच्या अंगावरून दगड ओल्या वस्त्रासारखा गळून पडला. तो उठून उभा राहिला.

"का?" त्याने विचारले.

"त्याच्या जागी माझा भाऊ बसावा म्हणून."

राजाने काचेतून काट्याकडे पाहिले. "तिसरा प्रहर लागला आहे. भद्रमुखाला सन्मानाने आणा. हे तुम्ही दरबारात, त्याच्या समोर सांगाल."

"सांगेन."

तिने सांगितले. भद्रमुखाने ते अखेरपर्यंत ऐकून घेतले आणि शाप मागे घेतला. राणीला क्षमा मात्र त्याने केली नाही. तिनेही ती मागितली नाही.