खुरावरचा व्रण

पूर्वी, कृतयुगाच्या उतरत्या काळी, सिंधुतीरीच्या समृद्ध राज्यावर उग्रधन्वा नावाचा राजर्षी सत्ता चालवीत होता. शत्रूच्या शरवर्षावाला न भिणारा हा महापराक्रमी पुरुष स्वतःच्या आचाऱ्याला मात्र भीत असे. कोणी सरळ बोलले, की ‘याला कोणी पढवले?’ हाच त्याचा पहिला प्रश्न.

त्याच्या अश्वमेधाचा घोडा वर्षभर पृथ्वी हिंडून परतला, तेव्हा अश्वपाल वीतहव्य भर सभेत म्हणाला, “महाराज, हा तो अश्व नव्हे. तो अरण्यात मेला. युवराजांनी त्याच रंगाचा दुसरा आणला.” राजाने त्यालाच शत्रूचा हेर ठरवले आणि यज्ञदिनी त्याच्या शिरच्छेदाची आज्ञा दिली.

वीतहव्याचा थोरला भाऊ सुश्रवस यज्ञमंडपातील वीणागायक होता. यजमानाची कीर्ती रोज स्वरचित गाथांनी गाणे, हे त्याचे काम. धाकट्याला वाचवायचे तर खरे सांगायला हवे, आणि सांगितले तर एकाऐवजी दोन मस्तके पडणार, हे तो पुरते ओळखून होता. तरी यज्ञदिनी त्याने वीणा लावली.

“धन्य हा नृपती, ज्याने अश्वाच्या उजव्या खुरात रुतलेला काटा स्वहस्ते उपसला! त्या करुणेचा व्रण तो अश्व आभूषणासारखा मिरवतो आहे.”

अश्व सोडण्यापूर्वीचा तो प्रसंग आठवून राजा फुलून गेला. जमलेल्या ऋषींना आपली करुणा दाखवावी म्हणून तो स्वतः उठला, घोड्यापाशी वाकला आणि त्याने तो पाय उचलून धरला. तिथे व्रण नव्हता. युवराजाने मान खाली घातली.

वीतहव्याच्या बेड्या तुटल्या, युवराजाला वनवास मिळाला. पण राजाची नजर आता गायकावर खिळली.

“तुला ठाऊक होते! तू माझी स्तुती करीत होतास, की मला वाकवीत होतास?”

“दोन्ही, महाराज. सरळ बोलणारा बेड्यांत होता.”

उग्रधन्व्याने ओंजळीत यज्ञजल घेतले. “तर ऐक! तुझ्या आडवळणाच्या वाणीला कोणी खोटे ठरवू शकणार नाही, हा माझा वर. आणि तुझ्या सरळ वाणीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हा माझा शाप!”

मंडपाबाहेर येताच सुश्रवसाने भावाला मिठी मारली. “वाचलास! मला फार आनंद झाला रे.”

वीतहव्य एक पाऊल मागे सरला. “दादा, असे का म्हणतोस? तुझ्या मनात काय आहे?”

सुश्रवसाने डोळे पुसले, तिथेच धुळीत बसून वीणा मांडीवर घेतली आणि वाट चुकून पुन्हा गोठ्यात परतलेल्या वासराचे, त्याला चाटणाऱ्या गाईचे गाणे आरंभले. दुसऱ्या कडव्याला वीतहव्य रडू लागला. तेव्हापासून कवीला घरच्या माणसालाही खरे सांगायचे, तर गाईवासरांच्या गोष्टी सांगाव्या लागतात.