तणमोराची अंडी आणि कापणीचा मुहूर्त

फार पूर्वीची नाही, पावसानं वेळेवर यायचं सोडलं त्यानंतरची ही गोष्ट. एका माळावर एक मोठं कुरण होतं, आणि त्याचा मालक होता एक म्हातारा. हट्टी, पण जीव लावणारा.

कुरणात तणमोर यायचे. कोंबडीएवढा पक्षी, पण मादीला दिसावं म्हणून नर उंच गवतातून दिवसभर उड्या मारायचा. म्हातारा जेवण विसरून बघत बसायचा. या पक्ष्यांसाठीच त्यानं कुरण नांगरलं नाही, विकलं नाही. आजोबांचा नियमही पाळला: नवरात्रात घट बसल्याशिवाय गवताला विळा लावायचा नाही, आणि घट बसले की एक दिवसही थांबायचं नाही.

तरी तणमोर कमीच होत गेले. म्हातारा कोल्ह्यांना शिव्या द्यायचा, मेंढपाळांना द्यायचा, हल्लीच्या पोरांना तर रोजच. त्या वर्षी एकच जोडी उरली.

घट बसले. कापणीला बायका आल्या. त्यांच्यातली सगळ्यांत थोरली आजी चार पावलं आत जाऊन थांबली.

"मालक, इकडं या. तणमोराची अंडी हायेत."

"आत्ता? घट बसले की!"

"ते तिला कोण सांगणार? पाऊस यंदाही दीड महिना उशिरा आला, तिनं अंडी उशिरा घातली."

"आजोबांचा नियम आहे."

"तुम्ही चड्डीत होता, तवा मी तुमच्या आजोबांच्या हाताखाली गवत कापलंय. ते आधी गवतात वाकून फिरायचे. पिल्लं उडाली की मगच 'चला गं' म्हणायचे. तवा पाऊस वेळेवर यायचा, म्हणून ते दिवस घटाचेच असायचे. तुम्ही तेवढा दिवस पाठ केलात."

म्हातारा वाकून अंडी बघू लागला. "म्हणजे इतकी वर्षं..."

"कापली की अंडी. तुम्ही सांगितलंत, आम्ही कापली."

म्हाताऱ्यानं सगळ्यांना परत पाठवलं. लगेच गावातले जाणते गोळा झाले. जाणत्यांना दुसरं काम नसतंच. "अरे, गवत वाळून काड्या होतील! बैल खाणार काय?"

"काड्या," म्हातारा म्हणाला.

काड्याच झाल्या. बैलांनी पुढं आठवडाभर तोंड फिरवलं. पण दिवाळीनंतर एका सकाळी तीन पिल्लं भुर्रकन उडाली. म्हातारा टोपी हातात धरून बघत राहिला. मग नाक पुसत बांधावर थांबलेल्या बायकांकडे वळला आणि म्हणाला, "चला गं."

आता दरसाल तो स्वतः गवतात वाकून फिरतो. कंबर दुखते म्हणून कुरकुरतो. दुखू दे.

तात्पर्य इतकंच: मोठ्यांचा नियम पाळताना तो कुणासाठी केला होता ते आधी बघा. ऋतू सरकले, तर नियमही सरकवा. पाखरांना पंचांग वाचता येत नाही.