तथास्तु म्हणणारं घर

एका गावात एक होतं घर. इतकं जुनं, की स्वतःचं वयच विसरलेलं. आत कुणी काही बोललं, की आढ्यावरून आवाज यायचा, "तथास्तु!" घराची वास्तू बरं का ती. चांगलं बोला, वाईट बोला, ती आपली तथास्तु म्हणून मोकळी!

त्याच गावात राहायची सुगंधा. पाल चुकचुकली तरी दचकायची. पण पोरांना गोष्टी सांगायची, मातीची घरं करायला शिकवायची. नव्या वस्तीतल्या लंबू दामूनं आणि छबीनं जुनं घर कधी पाहिलंच नव्हतं. मग एका दुपारी मळलेल्या मातीची पाटी घेऊन सुगंधा त्यांना तिथं घेऊन आली.

दामू पळत आत शिरला आणि धाडकन चौकटीवर आपटला. मागून सुगंधा उंबऱ्याला अडखळली.

"आई गं! दार आहे का बीळ?" दामू कळवळला. "चांगलं ताडाएवढं हवं!"

"तथास्तु!"

दार वर गेलं, वर गेलं, पार छपराबाहेर गेलं.

मग छबी म्हणाली, "आणि काळोख बघ ना! एवढासा एक कवडसा. सगळ्या खिडक्याच हव्यात."

"तथास्तु!" जिकडे बघावं तिकडे खिडक्या.

सुगंधा गोंधळली. "बाई गं! यातलं दार कुठलं नि खिडकी कुठली? नकोच मला काही!"

झालं! "तथास्तु!" दार नाही, खिडकी नाही. चारी बाजूंनी भिंती, आणि कौलांच्या फटींतून जेमतेम उजेड.

बाहेर दामूची आई हाका मारत होती, "दाम्या, कुठं उलथलास रे?" आतून ओरडावं, तर तिला ऐकूच जाईना.

"दार दे रे!" सुगंधा रडकुंडीला आली. "तथास्तु!" दार आलं, पण आढ्याला. पुन्हा मागितलं, तर आलं जमिनीत. तिसऱ्यांदा आलं ते कोनाड्यात, उंदराएवढं.

"असं काय करतोस रे घरोबा?" छबीनं विचारलं.

घर हळूच म्हणालं, "मी कसं होतं, तेच मला आठवेना गं."

सुगंधानं इकडंतिकडं पाहिलं. मग तिची नजर गेली मातीच्या पाटीकडे. "दामू, दार केवढं होतं रे?"

"हे बघ, टेंगूळ आलंय ना, इथवर!"

मग मातीचं दार झालं. छबी म्हणाली, "कवडसा माझ्या नाकावर पडला होता. शिंकच आली." मग झरोका झाला. सुगंधानं उंबरा थापला. "आणि इथं मला ठेच लागली."

घरानं ते चिमुकलं घर न्याहाळलं, न्याहाळलं. "अगंबाई, हे तर मीच!"

कर्रर्र करत जुनं ठेंगणं दार जागच्या जागी आलं. दामू आईकडे धावला, आणि पुन्हा आपटला! पण या खेपेस हसत सुटला. "घरोबा, तू असंच राहा हं!"

"तथास्तु!"

ते मातीचं घर अजून कोनाड्यात आहे. घराला विसर पडला, की ते त्यात डोकावतं.

आता मिटा बघू डोळे, आणि म्हणा, गाढ झोप लागू दे. श्शू… आढ्यावरून आवाज आला ना?